उशी, देव आणि ताळेबंद

सरकारचं काम म्हणजे देवाचं काम, असं बेंगळुरूच्या विधानसौधाच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. तत्कालीन मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही इमारत १९५६ मध्ये पूर्ण झाली. नीती, सत्य आणि धर्म यांवरची वाक्यं डोळ्यांसमोर ठेवून काम करायचा या शहराचा सोस पुढे होसूर रस्त्यावरच्या काचेच्या इमारतींतही पोचला.

याच रस्त्यालगतच्या कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर राज्य सरकारच्या केऑनिक्स या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने १९७८ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटी वसवायला घेतली. कल्पना होती केऑनिक्सचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांची. १९८१ मध्ये पुण्यात जन्मलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बेंगळुरूला आली आणि १९९४ मध्ये इथे स्थिरावली.

तिचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांच्या भाषणांत काही वाक्यं हमखास यायची. मन स्वच्छ असेल तर त्याहून मऊ उशी नाही, हे एक. दुसरं असं, की विश्वास फक्त देवावर. बाकी प्रत्येकाने आकडे घेऊन यावं. दोन्ही वाक्यं मूळची त्यांची नव्हेत, आणि त्याने काही बिघडत नाही. उसनं वाक्य कोण कुठल्या अनुभवावर घासून पाहतो, हे महत्त्वाचं. १९७४ मध्ये युगोस्लाव्हियातल्या निश इथे एका सहप्रवासिनीशी बोलल्याबद्दल मूर्तींना अन्नपाण्याविना कोंडून ठेवलं होतं. डाव्या विचारांचा तो तरुण सुटला, तो संपत्ती वाटण्याआधी ती निर्माण करावी लागते हा विचार घेऊनच.

देवाला वगळून बाकी सगळ्यांकडे पुरावा मागणाऱ्या वाक्याची खरी जागा ताळेबंदात असते. मार्च १९९९ मध्ये इन्फोसिस नॅसडॅकवर गेली आणि तिचे हिशेब अमेरिकी नियामकांपुढेही उघडे झाले. सत्यासाठी अशी तिऱ्हाइताची नजर लागतेच. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं, की हिशेबाच्या पुस्तकांत दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. नावातच सत्य असलेल्या कंपनीची ही गत पाहून देशभरातले गुंतवणूकदार हादरले.

इलेक्ट्रॉनिक सिटीही कसोटीतून सुटली नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिसा प्रकरणात इन्फोसिसने ३.४ कोटी डॉलर भरून तडजोड केली. पद्धतशीर गैरप्रकाराचा आरोप मात्र तिने नाकारला. मऊ उशीचं वाक्य वर्षानुवर्षं ऐकलेल्या कर्मचाऱ्यांना ही बातमी जड गेली असणार.

२०१७ चा वाद तर घरातलाच. पनाया या कंपनीची खरेदी आणि एका अधिकाऱ्याला दिलेली मोठी भरपाई यांवर मूर्तींनी जाहीर प्रश्न विचारले. ऑगस्टमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला आणि सहसंस्थापक नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले. आधीच्या चौकशीत गैरप्रकार आढळला नसल्याचा निष्कर्ष ऑक्टोबरमध्ये त्यांच्या संचालक मंडळानेही कायम ठेवला. मूर्ती आपल्या प्रश्नांवर ठाम राहिले आणि उत्तरं मिळाली नाहीत, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं.