पँथियन (रोम)

पँथियन ही इटलीची राजधानी रोम येथील प्राचीन रोमन वास्तू आहे. जुन्या शहराच्या मध्यभागी, पियाझ्झा देल्ला रोतोंदा या चौकात ती उभी आहे. आज दिसणारी इमारत सम्राट ट्रेजन व हेड्रियन यांच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात बांधली गेली. मूळचे हे रोमन मंदिर इ.स. ६०९ पासून ख्रिस्ती चर्च म्हणून वापरात आहे. लोखंडी सळ्यांचा आधार नसलेल्या काँक्रीटच्या घुमटांमध्ये पँथियनचा घुमट आजही जगातील सर्वांत मोठा मानला जातो. रोमच्या ऐतिहासिक केंद्राचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८० साली झाला. पँथियन त्याच क्षेत्रात येते.

पँथियन एकाच वेळी सरकारी मालकीचे स्मारक, चालू चर्च आणि राजघराण्यातील व्यक्तींचे दफनस्थान आहे. त्यामुळे तेथील प्रवेशाचे नियम केवळ पुरातत्त्वीय स्थळाच्या नियमांपेक्षा वेगळे आहेत.

== नाव आणि शिलालेख ==

'पँथियन' हा शब्द ग्रीक भाषेतून आला असून त्याचा अर्थ 'सर्व देवांचे' असा होतो. तथापि, येथे नेमकी कोणत्या देवांची पूजा होत असे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तिसऱ्या शतकातील इतिहासकार कॅसियस डिओ याने नावाची दोन कारणे दिली आहेत : आत अनेक देवांच्या मूर्ती होत्या हे एक, आणि घुमट आकाशासारखा दिसतो हे दुसरे. दुसरे कारण त्याला स्वतःला अधिक पटत होते.

दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत लॅटिन शिलालेख आहे. लूसियसचा पुत्र मार्कस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सल असताना ही वास्तू उभारली, असा त्याचा आशय आहे. अग्रिप्पा हा सम्राट ऑगस्टसचा सेनानी व जावई होता आणि त्याचे तिसरे कॉन्सलपद इ.स.पू. २७ मधील आहे. या शिलालेखामुळे सध्याची इमारत अग्रिप्पाचीच असल्याचा समज दीर्घकाळ होता. प्रत्यक्षात अग्रिप्पाची इमारत इ.स. ८० च्या आगीत नष्ट झाली. डोमिशियनने केलेली पुनर्बांधणीही इ.स. ११० मध्ये वीज पडून जळाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच वास्तुविशारद जॉर्ज शेदान याने भिंतींतील विटांवरचे शिक्के तपासले, तेव्हा इमारत दुसऱ्या शतकातील असल्याचे स्पष्ट झाले. हेड्रियनने नव्या वास्तूवर स्वतःचे नाव न घालता मूळ कर्त्याचे नाव कायम ठेवले होते.

== रचना ==

वास्तूचे दोन मुख्य भाग आहेत : पुढील आयताकृती द्वारमंडप आणि मागील वर्तुळाकार सभागृह. मंडपात ग्रॅनाइटचे सोळा स्तंभ आहेत. प्रत्येक स्तंभ अखंड दगडाचा असून सुमारे १२ मीटर उंच आहे. हा दगड इजिप्तमधील खाणींतून नाईल नदी व भूमध्य समुद्रामार्गे रोमला आणला गेला.

सभागृहाचा अंतर्गत व्यास सुमारे ४३.३ मीटर आहे आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच आहे. त्यामुळे या जागेत एक पूर्ण गोल नेमका मावेल, असे तिचे प्रमाण आहे. घुमटाच्या आतील बाजूस खोलगट चौकोनी कप्प्यांच्या पाच रांगा असून प्रत्येक रांगेत २८ कप्पे आहेत. माथ्यावर ऑक्युलस म्हणजे 'डोळा' या नावाने ओळखला जाणारा आठ ते नऊ मीटर व्यासाचा उघडा झरोका आहे. दारातून येणारा उजेड सोडल्यास सभागृहाला त्याच्याकडूनच प्रकाश मिळतो.

घुमट टिकण्यामागे सामग्रीची निवड महत्त्वाची ठरली. रोमन काँक्रीटमध्ये चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडांचे तुकडे असत. बांधकाम वर जाईल तसतसे हे तुकडे अधिक हलके वापरले गेले : पायात जड ट्रॅव्हर्टाइन, मधल्या भागात टफ व वीट, तर माथ्याजवळ सच्छिद्र प्यूमिस. घुमटाची जाडीही तळाशी सुमारे सहा मीटर, तर झरोक्याजवळ एक मीटरहून थोडी अधिक एवढी कमी होत जाते.

== जतन आणि हानी ==

इ.स. ६०९ मध्ये बायझंटाईन सम्राट फोकास याने ही वास्तू पोप चौथे बोनिफेस यांच्या स्वाधीन केली. पोपनी ती कुमारी मरिया आणि ख्रिस्ती हुतात्मे यांना अर्पण केली. मध्ययुगात रोममधील अनेक प्राचीन इमारतींचे दगड काढून नव्या बांधकामांसाठी वापरण्यात आले. कलोसियमचाही मोठा भाग असाच गेला. पँथियन मात्र उपासनेचे स्थान राहिल्यामुळे त्याची दुरुस्ती सतत होत राहिली.

तरीही वास्तूची हानी पूर्णपणे टळली नाही. सम्राट दुसरा कॉन्स्टान्स याने ६६३ मध्ये छतावरील कांस्याचे पत्रे काढून नेले. सतराव्या शतकात बार्बेरिनी घराण्यातील पोप आठवे अर्बन यांनी मंडपाच्या छतातील कांस्य काढले. त्यातील बराचसा भाग सांत आंजेलो किल्ल्याच्या तोफा ओतण्यासाठी वापरला गेला. रानटी टोळ्यांनी जे केले नाही ते बार्बेरिनींनी केले, अशा अर्थाची उपरोधिक उक्ती त्या काळी रोममध्ये प्रचलित झाली. त्याच काळात दर्शनी भागावर दोन घंटाघरेही बांधली गेली. लोक त्यांना गाढवाचे कान म्हणत. १८८३ मध्ये ती पाडण्यात आली.

== दफनस्थान ==

चित्रकार राफाएल (मृत्यू १५२०) याची कबर येथे आहे. एकीकृत इटलीचा पहिला राजा दुसरा व्हित्तोरिओ इमान्युएले, त्याचा पुत्र पहिला उंबेर्तो आणि राणी मार्गेरिता यांचेही दफन येथेच झाले आहे.

== भेटीचे नियोजन ==

=== प्रवेश व शुल्क ===

पँथियनमध्ये प्रवेश दीर्घकाळ विनामूल्य होता. २०१९ मध्ये येथे ९० लाखांहून अधिक लोक आले. ३ जुलै २०२३ पासून पर्यटकांसाठी तिकीट लागू झाले व त्याचे सुरुवातीचे मूल्य ५ युरो ठेवण्यात आले. रोमचे रहिवासी आणि अठरा वर्षांखालील व्यक्ती यांना शुल्कातून वगळण्यात आले. चालू चर्चमध्ये शुल्क आकारावे का, हा प्रश्न त्या वेळी चर्चेत आला. इटलीचे संस्कृती मंत्रालय व चर्चचे व्यवस्थापन यांच्यातील करारानुसार उत्पन्नाचा ७० टक्के भाग मंत्रालयाला आणि ३० टक्के भाग रोमच्या धर्मप्रांताला मिळतो. उपासनेसाठी येणाऱ्यांना मिस्सेच्या वेळी तिकीट लागत नाही.

मूल्य व वेळा बदलत असल्याने प्रवासापूर्वी मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या तपासणे आवश्यक ठरते. तिकीट तेथेच काढल्यास मध्यस्थांचा अतिरिक्त आकार द्यावा लागत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतील सरकारी संग्रहालये विनामूल्य असतात; त्या दिवशी पँथियनमध्येही मोठी गर्दी होते.

=== उपासनेच्या वेळा व पेहराव ===

शनिवारी सायंकाळी, रविवारी सकाळी आणि धार्मिक सणांच्या दिवशी मिस्सा होते. त्या काळात पर्यटकांचा प्रवेश थांबवला जातो. खांदे व गुडघे झाकणारा पेहराव आणि शांतता अपेक्षित असते. पेंटेकॉस्टच्या रविवारी मिस्सेनंतर अग्निशमन दलाचे जवान झरोक्यातून गुलाबाच्या लाल पाकळ्यांचा वर्षाव करतात. हा सोहळा पाहण्यासाठी पहाटेपासून रांग लागते.

=== ऋतू आणि प्रकाश ===

झरोक्यातून पडणारा कवडसा दिवसभर सरकत राहतो, म्हणून भेटीची वेळ ठरवताना ऋतूचा विचार उपयोगी ठरतो. हिवाळ्यात सूर्य आकाशात खाली असल्याने मध्यान्हीचा कवडसा घुमटाच्या आतील पृष्ठभागावरच राहतो. २१ एप्रिलच्या सुमारास तो प्रवेशद्वारावर येतो, तर जूनमध्ये फरशीवर उतरतो. २१ एप्रिल हा परंपरेने रोमच्या स्थापनेचा दिवस मानला जातो. त्या दिवशी सम्राट या प्रकाशात प्रवेश करीत असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. युरोपात उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. त्यामुळे एप्रिल ते सप्टेंबर या काळात खरा मध्यान्ह रोममध्ये दुपारी एकच्या सुमारास येतो.

पाऊस झरोक्यातून आत पडत नाही, ही समजूत चुकीची आहे. फरशीला मध्यभागी किंचित फुगवटा असून पडलेले पाणी तिच्यातील लहान छिद्रांवाटे वाहून जाते. पावसाळी दिवशी ही व्यवस्था प्रत्यक्ष पाहता येते. मात्र ओल्या संगमरवरावर पाय घसरू शकतो.

=== पोहोचण्याचा मार्ग ===

पँथियनच्या अगदी जवळ मेट्रोचे स्थानक नाही. 'ए' मार्गिकेवरील बार्बेरिनी व स्पान्या या स्थानकांपासून सुमारे एक किलोमीटर चालावे लागते. बसने आल्यास लार्गो दी तोर्रे अर्जेंतीना हा थांबा जवळचा आहे. पियाझ्झा नवोना आणि त्रेव्ही कारंजे ही स्थळे चालण्याच्या अंतरावर आहेत. समोरच्या चौकातील कारंजे सोळाव्या शतकातील असून त्यावरचा इजिप्शियन स्तंभ १७११ मध्ये बसवला गेला. चौकात केव्हाही विनामूल्य जाता येते; शिलालेख आणि द्वारमंडपाचा दर्शनी भाग तेथून पाहता येतो.

== प्रभाव ==

द्वारमंडप व घुमट यांची ही जोडणी नंतरच्या काळात अनेक ठिकाणी अनुकरली गेली. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात थॉमस जेफरसन यांनी आराखडा केलेली 'रोटंडा' ही इमारत त्याचे ठळक उदाहरण आहे. जेफरसन यांनी पँथियनचा व्यास निम्म्यावर आणला आणि देवतांच्या सभागृहाच्या जागी ग्रंथालय ठेवले.