हातातले फूल: कान्हेरीचे कमळ आणि दख्खनी चित्रांतला गुलाब

मुंबईतल्या दिंडोशीच्या पूर्वेकडील टेकड्या ज्या डोंगराळ रानाला जाऊन मिळतात, त्या आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी आहेत, आणि या परिसरातील पुष्पालंकरणाचा इतिहास तेथूनच सुरू करावा लागतो. तेथील मानाचे फूल मात्र गुलाब नसून कमळ आहे. यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह कोरले गेले. त्याच्या अंगणापुढे वेदिका, म्हणजे लाकडी कुंपणाची दगडात उतरवलेली प्रतिकृती, असून तिच्यावर फुलांची नक्षी आहे.

नव्वदाव्या लेण्यात मात्र फूल नक्षीपुरते राहत नाही. तेथे बुद्ध कमळावर बसला आहे आणि त्या कमळाचा देठ नागांनी धरला आहे. त्याच लेण्यात हाती सनाळ कमळ घेतलेला अवलोकितेश्वर, म्हणजे संकटात हाक ऐकणारा बोधिसत्त्व, उभा असून त्याच्या दोन्ही बाजूंना हत्ती, सिंह, फुटणारे जहाज अशी महाभये कोरलेली आहेत. सोपारा आणि कल्याण या बंदरांशी व्यवहार असलेल्या व्यापाऱ्यांच्या दानांवर हा विहारसमूह उभा राहिला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या जहाजाचे आणि त्या कमळाचे नाते स्पष्ट होते: हातातले फूल हे येथे अभयाचे वचन आहे.

गुलाबाची वाट वेगळी आहे. फारसी काव्यात गुलाब आणि त्याच्यावर आसक्त झालेला बुलबुल ही जोडी प्रेमाचे आणि आत्म्याच्या ओढीचे प्रतीक ठरली, आणि चित्रकारांनी तेच फूल राजांच्या हाती दिले. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील सुमारे 1480 च्या चित्रात उस्मानी सुलतान दुसरा मेहमेद गुलाब हुंगताना दिसतो; पुढे मुघल आणि दख्खनी दरबारांच्या व्यक्तिचित्रांतही हातात फूल धरलेला सत्ताधीश हा ठरलेला संकेत झाला. तलवार धरणारा हात सुगंधही जाणतो, एवढेच त्याला सांगायचे असते. तेथे कोणाचे रक्षण अभिप्रेत नाही. म्हणून कान्हेरीच्या कमळापासून या गुलाबापर्यंत सरळ वंशरेषा काढण्याचा मोह टाळावा हे बरे, जरी हातातले फूल हे मोठेपणाचे लक्षण मानण्याची सवय येथील नजरेला आधीपासून होती, असे मानण्यास जागा आहे.

गुलाब दरबारात आला, तरी देवाचे आसन त्याला मिळाले नाही. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने घरोघरी पोहोचवलेली लक्ष्मी कमळावरच उभी आहे आणि तिच्या हातांतही कमळेच आहेत. गुलाबाला मान मिळाला तो पाहुण्याच्या स्वागतात आणि निरोपात. मराठी दरबारांत पानसुपारीबरोबर अत्तर-गुलाब देण्याची रीत होती, आणि तिच्यासाठी घडवलेली गुलाबदाणी, फुगीर पोटाची, लांब निमुळत्या मानेची, माथ्यावर बारीक छिद्रांची आणि पुष्कळदा कळीचा घाट असलेली, ही चांदीकामातील या फुलाची सर्वांत देखणी कृती म्हटली पाहिजे. मांडवाच्या दाराशी पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडण्यासाठी ती लग्नघरांत आजही बाहेर काढली जाते.