पेठ वडगाव : एका बाजारगावाचे वाचन

मराठी समीक्षेत एखाद्या कृतीची संभावना करावयाची झाली की 'बाजारू' हे विशेषण हाताशी तयार असते. सैन्याबरोबर धान्य, चारा आणि दुकाने घेऊन चालणाऱ्या बिनलढाऊ माणसांना बखरींच्या मराठीने 'बाजारबुणगे' म्हटले आणि आपण तो शब्द निव्वळ तुच्छतेसाठी राखून ठेवला. वर्गात शिकविताना हे दोन्ही शब्द आम्हीही निःशंकपणे वापरीत आलो आहोत. त्यांमागील दृष्टीची तपासणी करावीशी वाटली ती एका साध्या प्रसंगामुळे.

वारणानगरच्या परिसरातील विद्यार्थ्यांची ऐतिहासिक सहल म्हटली की पन्हाळा, विशाळगड आणि जोतिबा ही नावे ठरलेली. एका वर्षी आम्ही पेठ वडगावचे नाव सुचविले, तेव्हा वर्गात हशा पिकला. एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तिथं आम्ही आईबरोबर बाजाराला जातो. त्यात बघायचं काय?" त्या दिवशी आम्हांला नीटसे उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय.

पुणे-बंगळूर महामार्गावर वाठार येथे उतरले की पश्चिमेचा रस्ता वारणानगरकडे आणि पूर्वेचा वडगावकडे जातो. या वाठारचे कागदोपत्री नाव 'वाठार तर्फ वडगाव' असे आहे. 'तर्फ' हा जुन्या महसुली व्यवस्थेतील गावांचा गट होय. म्हणजे ज्या काळी वाठार वडगावच्या हाताखाली मोजले जाई, त्या काळाची खूण आजही या नावात शिल्लक आहे. वडगावलाही दोन नावे आहेत. जनगणनेच्या तक्त्यांत ते 'वडगाव कसबा' आहे, तर लोकांच्या तोंडी 'पेठ वडगाव'. कसबा म्हणजे कारभाराचे मुख्य गाव आणि पेठ म्हणजे वसविलेला बाजार. सरकारी दप्तराने गावाचा अधिकार लक्षात ठेवला, लोकांनी व्यवहार लक्षात ठेवला. आमच्या मते वडगावच्या इतिहासाचे वाचन या दोन नावांपासूनच सुरू करावयास हवे.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी हे गाव राजकारणाच्या ऐन मध्यावर होते. सेनापती धनाजी जाधव यांचे निधन १७०८ मध्ये वारणाकाठच्या याच वडगावी झाले. त्यांची समाधी येथे आहे. शाहू आणि ताराबाई यांच्यातील वारसासंघर्षात धनाजी आदल्याच वर्षी, १७०७ मध्ये, खेडच्या लढाईच्या वेळी शाहूंच्या बाजूस आले होते. त्यांच्या पदरी कारकुनी केलेले बाळाजी विश्वनाथ पुढे १७१३ मध्ये पेशवे झाले. पेशवाईच्या उदयाची कथा साताऱ्या-पुण्यात शोधणाऱ्याने एकदा वडगावच्या या समाधीपाशीही थांबावे.

या संघर्षाचा शेवट १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरच्या संभाजीराजांकडे आला आणि सातारा व कोल्हापूर ही दोन राज्ये कायदेशीर रीतीने वेगळी झाली. त्या तहात वडगावचा उल्लेख स्वतंत्र कलमात येतो आणि तो असा, की वडगावचे ठाणे पाडून टाकावे. सरहद्दीलगतचे लष्करी ठाणे दोन्ही राज्यांच्या सलोख्याला बाधक ठरेल, असा त्यामागील हेतू दिसतो. तहाच्या शर्तींत ठाण्याची वासलात लागली. बाजाराविषयीच्या शर्तीची कोणाला गरज भासली नाही. पुढे कोल्हापूर संस्थानही १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. वारणा आज बऱ्याच अंतरापर्यंत सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांची सीमा म्हणून वाहते. ठाणे गेले, राज्य गेले. पेठ मात्र नावासकट आजही आहे.

पेठ टिकते कशी? येथे वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला एक ओळखीचा ग्रंथ साहाय्यास येतो. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' आपण राजनीती आणि गद्यशैली यांसाठी अभ्यासतो. १७१६ च्या सुमारास, म्हणजे वारणेच्या तहाच्या पंधरा वर्षे आधी, ते याच कोल्हापूरच्या राज्यात सिद्ध झाले. त्यात दुर्गांविषयी जसे प्रकरण आहे तसे साहुकारांविषयीही आहे. व्यापारी राज्यात आणून वसवावेत, पेठा भरवाव्यात, त्यांना उपद्रव लागू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. परीक्षेत दुर्गप्रकरणावर प्रश्न हमखास येतो, साहुकारांवर क्वचितच; आणि हा दोष आमच्यासारख्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचाच आहे.

पेठ वसविणे ही एक रीतसर प्रक्रिया होती. सरकार कौल देई, म्हणजे नव्या वसाहतीस काही वर्षे करांत सूट किंवा सवलत देई. शेटे बाहेरगावचे वाणी-उदमी बोलावून आणी, जागा नेमून देई. महाजन त्याच्या जोडीने पेठेची व्यवस्था पाही. गावाला जसे पाटील-कुलकर्णी, तसे पेठेला शेटे-महाजन. दोघांचेही वतन असे, हक्क असत आणि मानपानही असे. देहूच्या पेठेची महाजनकी तुकोबांच्या घराण्यात होती, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. ज्यांच्या अभंगांना आपण मराठी कवितेचा मानदंड मानतो, त्या कवीची भाषा वजन-माप, भांडवल आणि ऋण यांच्या सहवासात घडली. 'बाजारू' म्हणून नाक मुरडण्यापूर्वी एवढे तरी ध्यानात घ्यावे. हाच क्रम पुढे राजर्षी शाहूंच्या काळीही दिसतो. कोल्हापुरात १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरी ही गुळाची पेठ वसविली आणि वडिलांच्या नावाने जयसिंगपूर उभे केले.

इंग्लंडमधील जुनी बाजारगावे पाहण्यासाठी जगभरातून प्रवासी जातात. तेथे बाजार भरविण्यासाठी राजाची सनद लागत असे. तेराव्या शतकातील विधिज्ञ ब्रॅक्टन याच्या नावावर एक नियम प्रसिद्ध आहे : एका बाजारापासून सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांच्या आत दुसरा बाजार भरवू नये. माणसाची दिवसाची चाल वीस मैल धरायची आणि तिचे तीन भाग करायचे. एक जाण्यासाठी, एक खरेदी-विक्रीसाठी, एक परतण्यासाठी. आपल्याकडे असा लेखी नियम नसेल, पण एका टापूतील गावांनी आठवड्याचे वार आपसांत वाटून घेतलेले असतात, त्यामागेही चालणाऱ्या माणसाचेच गणित आहे. तेथे बाजारचौकातील दगडी स्तंभ जपला, त्याभोवती माहितीचे फलक लावले. येथे बाजार चालू आहे, म्हणून तो ऐतिहासिक आहे हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

मग वडगावात पाहावे काय? प्रथम बाजाराच्या दिवशी जावे. जनावरांच्या बाजारात सौदा होताना दलालाच्या रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरविण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आकडा बोलायचा नाही, बोटांनी कळवायचा. बैलाचे वय दातांवरून सांगतात : आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. खोंडाची चाल, खुरे, शिंगे, भोवरे यांविषयीचा शब्दसंग्रह कोणत्याही कोशात शोधण्यापेक्षा तेथे उभे राहून ऐकलेला बरा. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची गरज घटली. २०१५ च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्यानंतर म्हाताऱ्या बैलाच्या खरेदी-विक्रीचे गणितही बदलले. त्यासोबत ही भाषाही विरळ होत जाणार.

मापांचे तेच झाले. चिपटे, मापटे, शेर, पायली, मण, खंडी ही उतरंड; दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि हे शब्द स्वयंपाकघरात, म्हणींत आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उरले. ग्रामीण कथा वाचताना विद्यार्थी या शब्दांपाशी अडखळतात आणि आम्ही खडूने फळ्यावर तळटीप लिहितो. त्यापेक्षा त्यांना एखाद्या जुन्या भुसारी दुकानाच्या ओट्यावर बसविणे अधिक उपयोगाचे.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' १९१५ मध्ये प्रसिद्ध केला, तो डोळसपणे हिंडून आणि ऐकून. तितका व्याप आपल्याला जमणार नाही, पण एका पेठेपुरते काम एका वर्गाला जमण्यासारखे आहे. कोणत्या गल्लीत कोणता माल मिळे, कोणत्या गावांहून गाड्या येत, रात्री त्या कोठे सुटत, उधारीची वही कशी लिहिली जाई, हे सांगणारी माणसे अद्याप भेटतात. आणखी पंधरा वर्षांनी भेटतीलच असे नाही. तहाचा कागद छापून झाला आहे, तो कोठे जाणार नाही.

पुढील सहलीसाठी आम्ही पुन्हा वडगावच सुचविणार आहोत. सकाळी धनाजींची समाधी, नंतर बाजार. सोबत वही आणि जमल्यास आई. त्या विद्यार्थिनीला तिच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापेक्षा तिच्या आईकडून अधिक चांगले मिळेल, अशी आमची समजूत आहे.