रक्तात शोधलेला आजार, आतड्यात घडलेला आघात

१/ ५ जून १९८१. लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना झालेल्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात झाली. एड्सच्या लिखित इतिहासाचा हा आरंभ. पुढील अनेक वर्षे वैद्यकाची दृष्टी मुख्यतः रक्तातील सीडी-४ पेशींच्या संख्येवर खिळून राहिली. या आजाराचा मोठा आघात मात्र आतड्यावर होत होता.

२/ त्याची खूण रुग्णांच्या देहावर दिसतच होती. युगांडाच्या राकाई भागात लोक या व्याधीला 'स्लिम' म्हणत. अतिसाराने माणूस पाहता पाहता अस्थिपंजर होई. १९८५ साली 'लॅन्सेट'मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या डोनाल्ड कोटलर व सहकाऱ्यांनी दाखवले होते, की अतिसाराचा कोणताही जंतू न सापडलेल्या एड्सरुग्णांतही आतड्याचे अस्तर बिघडलेले असते.

३/ हे का घडते, याचा धागा १९९८ साली हाती लागला. एचआयव्हीच्या कुळातील एसआयव्ही या विषाणूची लागण झालेल्या माकडांच्या आतड्यातील सीडी-४ पेशी अवघ्या काही दिवसांत नष्ट होत होत्या, रक्तात तेवढी घट दिसण्याच्या आधीच. २००४ साली माणसांतही हेच आढळले.

४/ आतड्यात अब्जावधी जिवाणू नांदतात. त्यांच्यात आणि शरीरात एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते, आणि पहाऱ्याला प्रतिकारपेशी. पहारा उठला की अस्तर झिरपू लागते. २००६ साली जेसन ब्रेंचली, डॅनियल डुएक व सहकाऱ्यांना एचआयव्हीबाधितांच्या रक्तात जिवाणूंच्या आवरणातील द्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यामुळे प्रतिकारयंत्रणा सतत चेतलेली राहते आणि थकत जाते.

५/ १९९६ पासून रूढ झालेल्या संयुक्त औषधोपचाराने मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. २००६ च्या त्याच अभ्यासात उपचारांनंतर रक्तातील हे द्रव्यही कमी झाले, परंतु निरोगी माणसाइतके नाही. आतड्यातील सूक्ष्मजीवांचे वैविध्यही अनेकांत पूर्ववत होत नाही. इतर संसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या प्रतिजैविकांचाही त्यावर परिणाम होतो.

६/ या शोधात एक चकवाही होता. २०१३ च्या सुमारास बाधितांच्या आतड्यात 'प्रीव्होटेला' जिवाणू अधिक आढळले आणि त्याचे खापर विषाणूवर फुटले. २०१६ साली बार्सिलोनाच्या संशोधकांनी दाखवले, की पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांत, लागण असो वा नसो, हे जिवाणू अधिकच असतात. तुलनेसाठी निवडलेले गटच सारखे नव्हते. जिवाणूंच्या वैविध्यातील घट मात्र एचआयव्हीशी निगडित असल्याचे याच अभ्यासात दिसले.

७/ आज नियमित औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या अहवालात विषाणू 'आढळत नाही' असा शेरा येऊ शकतो. हे यश त्या औषधांचेच आहे आणि ती थांबवली, की विषाणू पुन्हा डोके वर काढतो. तरीही आतड्याची झीज पूर्ण भरून येतेच असे नाही. राकाईच्या लोकांनी ज्या लक्षणावरून या आजाराला नाव दिले, त्याच्या मुळाशी पोहोचायला विज्ञानाला दोन दशके लागली. ती झीज भरून काढण्याचा उपाय अजून शोधला जात आहे.