स्वस्त भिंगाची श्रीमंती

अम्मीला फ्लॅशचा झगझगाट सोसत नसे. घरातल्या प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये ती डोळे मिटून बसलेली दिसते. उघड्या डोळ्यांचा तिचा एकच फोटो माझ्याकडे आहे. २००६ साली भाच्याने तो खिडकीच्या उजेडात काढला, पन्नास मिलिमीटरची स्वस्तातली लेन्स लावून. ‘मामू, ही झूम होत नाही. आपणच पुढंमागं व्हायचं,’ तो म्हणाला. इतकी स्वस्त आणि इतकी गुणी कशी, या कुतूहलाने मी तिचा इतिहास वाचला.

१८९६ साली जर्मनीत झाइस कारखान्यात पॉल रुडॉल्फ यांनी ‘प्लॅनर’ लेन्स रचली. भिंगं सहा; पण हवेला भिडणारे पृष्ठभाग आठ. प्रत्येक पृष्ठभाग चारेक टक्के प्रकाश परत फेकतो. म्हणजे पाव हिश्शाहून अधिक उजेड वाटेतच हरवायचा. त्यातला काही आत भटकून चित्र फिकट करायचा. मग रुडॉल्फ यांनीच १९०२मध्ये चार भिंगांची ‘टेसार’ आणली आणि प्लॅनर मागे पडली. १९३५ साली तिथल्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप देऊन परावर्तन कमी केलं. सहा भिंगांच्या रचनेला पुन्हा दिवस आले.

पुढे कित्येक वर्षं पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्यांबरोबर पन्नासचीच लेन्स मिळे. रचना सोपी, भिंगं लहान आणि उत्पादन प्रचंड. म्हणून ती स्वस्त. १९९०मध्ये कॅननने तर कॅमेऱ्याला जोडायची कडीसुद्धा प्लॅस्टिकची केली. वजन अवघं १३० ग्रॅम! २०१५च्या नव्या आवृत्तीत ती कडी पुन्हा धातूची झाली.

आता तुम्ही विचाराल, घ्यावी का? कॅमेऱ्यासोबतची साधी झूम पन्नासच्या आसपास एफ ५.६ इतकीच उघडते. ही एफ १.८पर्यंत उघडते, म्हणजे जवळजवळ दहापट उजेड. घरातली माणसं, संध्याकाळ, कंदिलाचा प्रकाश टिपायचा असेल, तर जरूर घ्यावी. दूरचे पक्षी किंवा अख्खं वऱ्हाड टिपायचं असेल, तर ती कामाची नाही. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिचा आवाका आणखी अरुंद होतो. छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकते.

अम्मीच्या फोटोत डोळे स्वच्छ आहेत, ओढणीची किनार धूसर. झूम असती, तर भाचा दारातच उभा राहिला असता. तो चार पावलं जवळ गेला, म्हणून तिने वर पाहिलं आणि विचारलं, ‘चहा घेतोस का रे?’

नेमका तोच क्षण माझ्या भिंतीवर आहे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)