स्पायरो ॲग्न्यू : टक्केवारीमुळे खुर्ची गमावलेले अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष

वॉटरगेटमुळे रिचर्ड निक्सन गेले, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यांच्या दहा महिने आधी त्यांचे उपराष्ट्राध्यक्षच घरी गेले होते. तेही वॉटरगेटमुळे नाही, तर कंत्राटदारांच्या पैशांमुळे.

स्पायरो ॲग्न्यू हे ग्रीक स्थलांतरिताचे चिरंजीव. १९६२ मध्ये बाल्टिमोर काउंटीचे प्रमुख, १९६६ मध्ये मेरीलँडचे गव्हर्नर, १९६८ मध्ये थेट उपराष्ट्राध्यक्षपदी निवड. भाषणांत कायदा-सुव्यवस्थेचा गजर, पत्रकार आणि आंदोलकांवर तोंडसुख.

तर झालं असं की, १९७३ मध्ये सरकारी वकील बाल्टिमोर काउंटीतल्या कंत्राटांची चौकशी करत होते. इंजिनिअरिंग कंपन्यांच्या मालकांनी तोंड उघडलं : कामं मिळाली की ॲग्न्यूंना टक्केवारी द्यावी लागायची. (हा शब्द आपल्याकडे समजावून सांगायची गरज नाही.) उपराष्ट्राध्यक्ष झाल्यावरही रोख रकमेची पाकिटं त्यांच्याकडे पोहोचत होती.

सरकारी वकिलांना घाई होती. निक्सन गेले असते, तर हाच माणूस राष्ट्राध्यक्ष होणार होता! म्हणून तडजोड झाली. १० ऑक्टोबर १९७३ रोजी ॲग्न्यूंनी राजीनामा दिला आणि करचुकवेगिरीच्या एका आरोपाला कोर्टात आव्हान दिलं नाही. शिक्षा : १०,००० डॉलर दंड आणि तीन वर्षं प्रोबेशन. तुरुंगवास टळला. लाच घेतल्याचं त्यांनी शेवटपर्यंत नाकारलं.

त्यांच्या जागी आलेले जेराल्ड फोर्ड ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. मेरीलँडच्या नागरिकांनी मात्र ॲग्न्यूंना कोर्टात खेचलं. १९८३ मध्ये त्यांना व्याजासह सुमारे २ लाख ६८ हजार डॉलर राज्याच्या तिजोरीत भरावे लागले.