युनिक्स फाइल परवानग्या

युनिक्स फाइल परवानग्या म्हणजे युनिक्स आणि लिनक्ससारख्या तत्सम संचालन प्रणालींमध्ये एखादी फाइल कोणाला वाचता, बदलता किंवा चालवता येईल हे ठरवणारी व्यवस्था होय. प्रत्येक फाइलला एक मालक व एक गट असतो. उरलेले वापरकर्ते ‘इतर’ या वर्गात मोडतात. वाचनाचे ४, लेखनाचे २ आणि चालवण्याचा १ या अंकांची बेरीज करून प्रत्येक वर्गाची परवानगी लिहितात. ६४० म्हणजे मालकाला वाचन व लेखन, गटाला केवळ वाचन, इतरांना काहीही नाही. ‘सीएचमॉड’ या आज्ञेने हे अंक बदलता येतात.

डिरेक्टरीच्या बाबतीत याच अंकांचा अर्थ बदलतो आणि बहुतेक गैरसमज येथेच होतात. डिरेक्टरी ही मुळात नावांची यादी असते. त्यामुळे फाइल काढून टाकण्यासाठी त्या फाइलवर नव्हे, तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर लेखन व प्रवेशाची परवानगी लागते. ४४४ असलेली, केवळ वाचनीय फाइलदेखील असा अधिकार असलेला दुसरा वापरकर्ता नष्ट करू शकतो. सर्वांना खुल्या असणाऱ्या ‘टीएमपी’ डिरेक्टरीला म्हणूनच ‘स्टिकी बिट’ लावलेला असतो. तेथील फाइल तिचा मालक, डिरेक्टरीचा मालक किंवा ‘रूट’ यांनाच काढता येते. अडचण आली की सरसकट ७७७ देण्याची सवय यामुळेच घातक ठरते.

‘सेटयूआयडी’ बिट असलेला प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. डेनिस रिची यांच्या या कल्पनेला १९७९ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले.